यंत्राचा गुरू कंत्राटावर

संध्याकाळी खानदेश-मराठवाड्यातल्या सौर प्रकल्पांवरचे ऊन उतरते आणि नेमकी त्याच वेळी मुंबई-पुण्याची विजेची मागणी चढू लागते. ही तूट भरायला कोळशाचा बंद संच कामाचा नाही, त्याला तापून चालू व्हायला कित्येक तास लागतात. मग ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून निरोप सुटतो आणि चिपळूण तालुक्यात, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, पोफळीच्या डोंगराच्या पोटात बसवलेले संच फिरू लागतात. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचे पाणी बोगद्यातून येऊन पावणेपाचशे मीटर खाली कोसळते आणि काही मिनिटांत संच भरात येतो. १९६२ पासून हे चालू आहे. पोफळीचे पहिले दोन टप्पे ६०० मेगावॉटचे, अलोऱ्याचा तिसरा ३२०चा, चौथा १०००चा आणि धरणाच्या पायथ्याचे वीजगृह ४०चे. असा १९६० मेगावॉटचा हा पसारा आहे.

ही वीज कोणी केली असे मुंबईत विचारून पाहा. कोयनेने केली, पाण्याने केली, इंजिनियरांनी केली, अशी उत्तरे येतील. पाळीवर उभ्या असलेल्या माणसाचे नाव कोणाच्या तोंडी येणार नाही. साठ वर्षांहून अधिक काळ आपण हे नाव घेतले नाही, आणि आता शिकणारी यंत्रे येत असताना त्या न घेतलेल्या नावाचे परिणाम भोगायची पाळी आपल्यावर आली आहे. माझा आरोप यंत्रावर नाही. तो आपल्यावर आहे. यंत्राला ज्याने शिकवले त्याला अडाणी ठरवायचे, आणि त्याच्याकडून शिकलेल्या यंत्राला त्याच्या डोक्यावर बसवायचे, हा अन्याय शिकलेसवरलेले लोक सुधारणेच्या नावाखाली करत आहेत.

शिकणारे यंत्र म्हणजे काय ते आधी सरळ सांगतो. जुन्या यंत्राला काय करायचे हे माणूस नियम लिहून सांगत असे. नव्या यंत्राला जुन्या नोंदींचे ढीग घातले जातात आणि त्यांतून ते स्वतः अंदाज बांधायला शिकते. विजेच्या धंद्यात याचे उपयोग उघड आहेत. ग्रिडचा दिवस पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ तुकड्यांत चालतो आणि प्रत्येक तुकड्यात किती वीज लागेल याचा अंदाज आधी द्यावा लागतो. वारा आणि ऊन यांचा अंदाज देणे तर महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाच्या २०१८च्या विनियमांनी बंधनकारकच केले. हे काम शिकणारे यंत्र माणसापेक्षा चांगले करते, यात मला शंका नाही. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत रोज छापून येणारा कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर इथला पाऊस, धरणाची पातळी, हवामान खात्याचा इशारा, हे सगळे एका वेळी ध्यानात धरून उद्या धरणात किती पाणी येईल हे सांगणे एका डोक्याच्या आवाक्यातले काम नाही. फिरत्या संचाची थरथर, बेअरिंगचे तापमान, तेलाचा दाब यांवर रात्रंदिवस नजर ठेवून बिघाड आधीच ओळखणारी यंत्रे जगभरच्या जलविद्युत केंद्रांत बसू लागली आहेत. ती पोफळीतही यावीत. माणसाचा जीव वाचत असेल, धरणाचे पाणी वाचत असेल, तर त्यांना अडवणारा मी कोण?

पण ते यंत्र शिकते कशावर? वीजगृहातले लॉगबुक उघडून बघावे. तासातासाला एक ओळ. वेळ, लोड, वरच्या बेअरिंगचे तापमान, खालच्या बेअरिंगचे तापमान, थंड करणाऱ्या पाण्याचा दाब, तेलाची पातळी, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. बहुतेक ओळींत तो रकाना कोरा असतो. एखाद्या रात्रपाळीला कोणीतरी त्यात लिहून गेलेला असतो की आवाज नेहमीचा नाही. तापमान ठीक, दाब ठीक, सगळे आकडे मर्यादेत, तरी आवाज नेहमीचा नाही. पेल्टन चाकाच्या वाट्यांवर पाण्याचा झोत आदळतो त्याचा एक ठरलेला सूर असतो आणि वर्षानुवर्षे त्या गुहेत पाळ्या काढलेल्या माणसाच्या कानाला तो बदललेला कळतो. पुढे संच उघडल्यावर खरेच काही सापडले, तर दुरुस्तीच्या अहवालात दोष काय निघाला ते येते. तो आधी कोणाच्या कानाला लागला हे येत नाही. उद्या यंत्राला शिकवायला बसलेला तज्ज्ञ हेच लॉगबुक आणि हेच अहवाल घेऊन बसेल. बिघाडापूर्वीचे आकडे कोणते आणि बिघाड कोणता, ही जोडी त्या शेऱ्यावाचून लागत नाही. म्हणजे यंत्राच्या शहाणपणाचे मूळ त्या कोपऱ्यातल्या तीन शब्दांत आहे. ते लिहिणारा माणूस यंत्राच्या श्रेयनामावलीत कुठेही नसेल.

याहून गंभीर गोष्ट मला सांगायची आहे. त्या लॉगबुकात जे लिहिले जाते ते खरेच असते का? कोणत्याही एका केंद्राबद्दल मी बोलत नाही. आपल्या देशातल्या कुठल्याही कारखान्यात, दवाखान्यात, शाळेत, सरकारी कचेरीत काम केलेल्या माणसाने छातीवर हात ठेवून सांगावे की नोंदी प्रत्येक वेळी वेळच्या वेळी आणि जशाच्या तशा होतात. पाळी संपताना एका बैठकीत आठ तासांचे आकडे भरले जातात. वाईट आकडा लिहिला तर साहेब विचारील, काल का नाही लिहिलास? मेमो येईल, कंत्राटदाराच्या माणसाची तर उद्याची हजेरीच जाईल. म्हणून कालच्यासारखाच आकडा आजही लिहिला जातो. खरे बोलणाऱ्याला शिक्षा आणि गोड लिहिणाऱ्याला शाबासकी ही आपल्या संस्थांची रीत आहे. आजवर ही रीत कागदावर साचत होती. आता तोच कागद यंत्राला पाजला जाणार आहे. भीतीने लिहिलेल्या आकड्यांवर वाढलेले यंत्र भीतीचेच गणित मांडील, आणि ते पडद्यावर दशांश चिन्हासकट आले की आपण त्याला शास्त्र म्हणू.

२०२१च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. मोबाइल जुनाट आहेत, नोंदीचे ॲप इंग्रजीत आहे, आम्ही भरायचे काय आणि कसे, हे त्यांचे म्हणणे होते. गावातल्या प्रत्येक कुपोषित पोराला नावाने ओळखणाऱ्या, त्याला मांडीवर घेऊन वजन करणाऱ्या बायका त्या. त्यांनी यंत्राविषयी खरी साक्ष दिली. आपल्यातल्या किती जणांनी त्यांचे ऐकले? कितीतरी शहाण्यांनी त्यांना कामचुकार म्हटले, यांना तंत्रज्ञान नको आहे असे म्हटले. कोणत्या पोराचे वजन खरे आणि कोणाचे नुसतेच भरलेले, हे ज्यांना माहीत होते त्यांचेच तोंड बंद करून आपण पोषणाची आकडेवारी सुधारायला निघालो होतो.

रेशन दुकानातही हेच घडते. माती, सिमेंट आणि खोरे यांनी झिजलेला हात यंत्रावर ठेवला जातो आणि अंगठा उठत नाही. पुन्हा ठेवा, ओला करून ठेवा, दुसरे बोट ठेवा. उठत नाही. दुकानदार त्या म्हातारीला तिच्या लग्नापासून ओळखतो. रांगेतली माणसे तिच्या वाडीतली आहेत. ती कोण आहे याबद्दल तिथल्या एकाही माणसाच्या मनात शंका नाही. शंका फक्त यंत्राला आहे, आणि तेवढ्यावर ती रिकामी पिशवी घेऊन घरी जाते. अंगठा जुळला नाही म्हणून कोणालाही धान्य नाकारू नका, असे केंद्र सरकारने २०१७ साली लेखी कळवले होते. दुसरे मार्गही नियमात आहेत. तरीही आजूबाजूला उभे असलेले दहा जण गप्प राहतात. हे यंत्र शिकणारे नाही, साधे आहे. पण माणसाने डोळ्यांनी पाहिलेले खोटे आणि यंत्राने दाखवलेले खरे, हा धडा आपण तिथे गिरवला, आणि शिकणाऱ्या यंत्रांच्या युगात तोच पाठ करून शिरतो आहोत.

हा धडा आपल्याला इतका सहज का जमला? हाताने काम करणाऱ्याकडे ज्ञान असू शकते, हे या समाजाने कधी मनापासून मानलेच नाही. लिहिणारा, सही करणारा तो जाणता, आणि घासणारा, खणणारा, वंगण घालणारा तो नुसता हात, ही वाटणी आपल्या हाडीमासी खिळली आहे. १९३६ साली डॉ. आंबेडकरांनी दाखवून दिले की जातीने नुसती कामे वाटली नाहीत, काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडून वरखाली रचली. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खाते त्यांच्याकडे होते, आणि वीज व जलसिंचनाचे धोरणही त्याच खात्यात येत होते. वीज आणि ती करणारा मजूर यांचा विचार एकाच टेबलावर झाला पाहिजे, हे त्या काळात तरी प्रत्यक्षात होते. आपण ती टेबले वेगळी केली. एका टेबलावर मेगावॉट आणि दर, दुसऱ्यावर कंत्राटी कामगारांची निवेदने, आणि दोन्हींच्या मध्ये भिंत. राज्याच्या वीज कंपन्यांत हजारो माणसे वर्षानुवर्षे कंत्राटावर आहेत. कायम करा म्हणून ती मोर्चे काढतात, उपोषणे करतात, आश्वासन घेऊन परततात. ज्याची उद्याची हजेरी ठेकेदाराच्या हातात आहे, तो पडद्यावरच्या सल्ल्याला चूक म्हणेल ही अपेक्षा तरी आपण कोणत्या तोंडाने करायची?

महात्मा फुले स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत. इंजिनियर खात्यात गरीब मजुराच्या घामावर काय चालते हे त्यांनी जवळून पाहिले आणि पद्यातही मांडले. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र केले. कापडगिरणीतले वाफेचे यंत्र थकत नसे, म्हणून माणसानेही थकू नये असा मालकांचा हिशेब होता. लोखंड्यांनी मागितली आठवड्याची एक सुट्टी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघात झाला तर भरपाई. १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. तिचा उपभोग आज संगणकासमोर बसणारा पांढरपेशाही घेतो. यंत्राच्या चालीने माणसाने धावायचे की माणसाच्या गरजेने यंत्राने, हा प्रश्न त्या लोकांनी मुंबईत उभा केला होता. आपण, त्यांचे वारस म्हणवणारे, तो प्रश्न विचारायलाही कचरतो.

यंत्रावर अंधविश्वास ठेवला तर काय होते, याचा धडा इंग्लंडने दिला आहे. तिथल्या टपाल खात्यात १९९९ पासून होरायझन नावाची संगणकप्रणाली बसवली गेली. हिशेबात तूट दिसू लागली, आणि गावोगावची टपाल कार्यालये चालवणाऱ्या साध्या माणसांवर चोरीचे, अफरातफरीचे खटले भरले गेले. आमच्याकडून पैसे गेले नाहीत, यंत्र चुकते आहे, असे ती माणसे ओरडून सांगत होती. तिथल्या न्यायालयांनी संगणक बरोबरच असणार असे गृहीत धरले. नऊशेहून अधिक जणांना दोषी ठरवले गेले. काही तुरुंगात गेले, कित्येकांची घरे गेली, काहींनी जीव दिला. २०१९ साली उच्च न्यायालयाने प्रणालीतच दोष असल्याचे मान्य केले आणि २०२४ साली संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. जिथे न्यायालये, वृत्तपत्रे आणि संघटना इतक्या बळकट आहेत तिथे खरे बाहेर यायला वीस वर्षे लागली. आपल्या ठेकेदाराच्या माणसाला किती लागतील याचा विचार करावा.

आता पुन्हा कोयनेकडे येतो, कारण इथे चुकीची किंमत एका माणसाच्या नोकरीपुरती राहत नाही. पोफळीत वीज करून झाली की ते पाणी कोळकेवाडीच्या धरणात आणि तिथून पुढे वाशिष्ठीत जाते. उन्हाळ्यात चिपळूण आणि लोट्याचे कारखाने याच पाण्यावर जगतात. पावसाळ्यात, नदी आधीच भरलेली आणि खाली खाडीला भरती लागलेली असताना, तेच पाणी वरून उतरत असेल तर चिपळूणकरांच्या पोटात गोळा येतो. २२ जुलै २०२१ला बाजारपेठ बुडाली, दुकानांच्या माळ्यापर्यंत चिखल गेला, माणसे गेली. कोणते पाणी किती आणि कधी सुटले, हा प्रश्न तेव्हापासून चिपळूणच्या प्रत्येक सभेत उठतो. नवज्याचा पाऊस, कोळकेवाडीची पातळी, दाभोळ खाडीच्या भरतीची वेळ आणि पोफळीतून सुटणारे पाणी यांचे एकत्र गणित मांडणे हे शिकणाऱ्या यंत्राला शोभणारे काम आहे. त्याला हे काम जरूर द्यावे. पण त्या गणितात किती मेगावॉट आणि कोणत्या दराने हे रकाने पहिल्या दिवसापासून असतील, कारण ते मागणारी माणसे सभागृहात बसलेली आहेत. चिपळूणच्या चिंचनाक्यावर पाणी किती फूट चढेल हा रकाना त्यात कोण घालणार? कोयनेतून पश्चिमेकडे वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पाणी वळवण्याची मुभा कृष्णा पाणीतंटा लवादाने दिली, त्या प्रत्येक थेंबाचा हिशेब ठेवला जातो. पुरात बुडालेल्या दुकानाचा हिशेब मात्र पंचनाम्याच्या कागदावरच संपतो. ज्याला जे मोजायला सांगितले तेच यंत्र मोजते. काय मोजायचे हे ठरवताना चिपळूणचा व्यापारी, वाशिष्ठीकाठचा शेतकरी आणि पोफळीचा पाळीवाला हे तिघे खोलीत नसतील, तर तो आपला दोष आहे.

आणि शिवसागराच्या पोटात ज्यांची घरे गेली त्यांचे काय? पन्नास-साठच्या दशकांत जमिनी देऊन ती माणसे दूरदूरच्या जिल्ह्यांत पांगली. नातवंडे आजही पर्यायी जमिनीसाठी कोयनानगरला धरणे धरतात. त्यांनी दिलेल्या जमिनीवर उभ्या असलेल्या प्रकल्पाचे शहाणपण उद्या यंत्रात भरले जाईल, त्याचे पेटंट निघेल, ते विकले जाईल. त्यात त्यांचा वाटा कोणी धरला आहे का?

११ डिसेंबर १९६७. पहाटे साडेचारच्या आत भूकंप झाला. कोयनानगर जमीनदोस्त झाले, सुमारे १८० माणसे मेली, वीजनिर्मिती थांबली आणि मुंबईची वीज गेली. त्या पहाटेसारखी नोंद लॉगबुकात आधी कुठेही नव्हती. शिकणारे यंत्र मागच्या दिवसांवरून पुढचा दिवस ओळखते. जो दिवस मागे कधी आलाच नाही त्याच्यापुढे त्याचा सल्ला किती उपयोगी पडेल? त्या वेळी गुहेत उभा असलेला माणूस हाच काय तो आधार असतो. त्याला जर आपण वर्षानुवर्षे फक्त बटण दाबायला आणि पडदा म्हणेल तसे करायला शिकवले असेल, त्याच्या कानाचे, नाकाचे, हाताचे शिक्षण वाया जाऊ दिले असेल, तर त्या पहाटे त्याने काय करावे? विमानांच्या धंद्यात हे घडून गेले. बोईंगच्या ७३७ मॅक्स विमानात एक स्वयंचलित यंत्रणा बसवली आणि वैमानिकांना तिच्याबद्दल धड सांगितलेच नाही. २०१८ आणि २०१९च्या दोन अपघातांत ३४६ जीव गेले. कॉकपिटमधली माणसे शेवटपर्यंत यंत्राशी झगडत होती.

माझ्या मागण्या अवघड नाहीत. वीजगृहात, दवाखान्यात, कारखान्यात, जिथे शिकणारे यंत्र सल्ला देईल तिथे नोंदवहीत दोन रकाने असावेत. एका रकान्यात यंत्राने काय सांगितले, दुसऱ्यात पाळीवरच्या माणसाने काय केले आणि का केले, आणि त्यापुढे त्याचे नाव. यंत्राचा सल्ला डावलून जीव, पाणी किंवा यंत्र वाचवण्यासाठी घेतलेल्या निर्णयाबद्दल कोणालाही मेमो निघू नये, हे लेखी असावे. यंत्राला शिकवण्यासाठी ज्यांच्या नोंदी वापरल्या त्यांची नावे त्या कामाच्या अहवालात यावीत, आणि ते कंत्राटावर असतील तर त्यांना आधी कायम करावे. खरा आकडा लिहिणाऱ्याला संरक्षण द्यावे. नदीच्या खालच्या गावांचे दोन प्रतिनिधी पाणी सोडण्याच्या गणितावर देखरेख ठेवायला असावेत, आणि ते गणित मराठीत लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावे. यातल्या पहिल्या दोन मागण्यांना ना विधिमंडळाचा कायदा लागतो, ना अंदाजपत्रकातली तरतूद. मुख्य अभियंत्याच्या सहीचे एक परिपत्रक पुरते. कोयनेचे नवे जलवर्ष १ जूनला सुरू होते. त्या दिवशीच्या पहिल्या पाळीपासून दुसरा रकाना आखायला ज्यांची हरकत असेल त्यांनी नावानिशी पुढे येऊन सांगावे.